भासऱ्यांची दुसरी चावी

आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, माणसाचा अनुभव बोटांवर मोजायचे, तोही असलेल्या नव्हे, गेलेल्या बोटांवर. ज्याचं एखादं पेर मशीननं खाल्लं, तो उस्ताद. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, तिथं कापसाच्या पट्ट्यावरचे मिस्त्री. त्यांच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं, म्हणून अंजनगाव सुर्जीच्या आसपासच्या तीन-चार जिनिंगांत त्यांचा शब्द चालायचा.

मलाही कामाला त्यांनीच लावलं. बारावी झालेली पोरगी घरात बसून काय करणार, असं ते सासूबाईंना म्हणाले. मला म्हणाले नाहीत, कारण आमच्या घरात भासरा आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. ते अंगणात आले की खोकायचे, मी पदर पुढे ओढायची. निरोप असला तर माझ्या मुलीमार्फत. "पोरी, तुह्या मायले सांग, चहा ठेव म्हना." मी तिथंच चार हातांवर उभी असायची. मुलगी शाळेत असली तर ते शेळीला सांगायचे, आणि चहा वेळेवर मिळायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण आमच्यात एका शब्दाची देवाणघेवाण नव्हती. राग म्हणाल तर अजिबात नाही. मला तर ती रीत सोयीची वाटायची, कारण भांडायला आधी बोलावं लागतं.

पट्ट्यावरून कापूस सरकत जातो आणि आम्ही बाया दोन्ही बाजूंनी उभ्या राहून त्यातला कवडी म्हणजे डागी, खराब कापूस, काड्या, सुतळीचे तुकडे वेचतो. टोकाला रूळ फिरतो. त्याला कापूस गुंडाळला की भासरे चालू मशीनमध्येच हात घालून तो ओढून काढायचे. "बंद करा, पुन्हा सुरू करा, कोन एवढा टाइम घालवते?" उस्तादाला कोण शिकवणार? आम्ही सगळ्या मान खाली घालून कवडी वेचायचो.

दोन वर्षांपूर्वी हंगाम सुरू होताना अकोल्याहून एक मॅडम मशीनवरची सुरक्षा शिकवायला आल्या. आल्या आल्या विचारलं, "इथं सगळ्यात अनुभवी कोण?" भासऱ्यांनी ऐटीत हात वर केला. मॅडमनी तो नीट पाहिला. "साडेचार बोटं. पुरे झाला हो अनुभव."

अख्खी शेड हसली. मी पदर तोंडात कोंबला. तोही मॅडमनी काढायला लावला, पदर खोचून वरून ॲप्रन, केस टोपीत. मग त्यांनी पट्ट्याच्या कडेनं लावलेली लाल दोरी दाखवली. ती कुणीही ओढावी, रुळासकट पट्टा थांबतो. स्विचच्या पेटीला दोन कुलपं लावली. रुळात हात घालायचा तर मशीन बंद करून दोन्ही कुलपं लावायची. एकाची चावी हात घालणाऱ्याच्या खिशात, दुसरी बाहेर पहारा करणाऱ्याकडे. दोघांनी उघडल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. आणि धोका दिसला की एकच शब्द ओरडायचा, "हात!" समोर मालक असला तरी.

मग तालीम. आमचं नातं मॅडमना काय ठाऊक! त्यांनी भासऱ्यांना बंद रुळात हात घालायला सांगितला आणि मला म्हणाल्या, "ओरडा."

मी इकडेतिकडे पाहिलं. शेजारी आमच्याच गावच्या काकू होत्या. मी हळूच म्हटलं, "काकू, त्यांले सांगा ना, हात काढा म्हना."

काकूंनी हाक मारली, "अवो मिस्त्री! थे म्हनून राहिली, हात काढा."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "निरोप पोचला. हात मात्र गेला."

पुन्हा हशा. भासरेही हसले. मला मात्र हसता आलं नाही, कारण मॅडम खरं बोलल्या होत्या.

दोन्ही चाव्या भासऱ्यांनी आपल्याच खिशात ठेवल्या. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दुसरी कोनाले देऊ? माह्यावर ओरडनारा हाये कोन इथं?" तेही खरंच होतं.

काही आठवड्यांनी, जेवणाच्या सुट्टीआधी, रुळाला कापूस गुंडाळला. मोडेल ती सवय कसली? कुलपं पेटीवर लटकत राहिली आणि भासरे वाकले, चालू रुळात हात घातला. त्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक लोंबत रुळाकडे निघालं. त्यांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

मी आधी काकूंना शोधलं. हे सांगायला आजही लाज वाटते. काकू पाणी प्यायला गेल्या होत्या. मग पोटातून जो आवाज निघाला तो माझा आहे हे मलाच कळलं नाही. "हात!" आणि मी दोरी ओढली.

पट्टा थांबला. दुपट्ट्याचा रुळाला एक वेढा बसला होता. भासऱ्यांची हनुवटी रुळापासून वीतभर अंतरावर होती. काकूंनी धावत येऊन कैचीनं दुपट्टा कापला. भासरे सरळ झाले आणि त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. सवयीनं माझा हात डोक्याकडे गेला, पण पदर ॲप्रनखाली खोचलेला. मी टोपीच नाकापर्यंत ओढली. काकूंना तेवढ्यातही हसू आलं. भासरे सरकीच्या ढिगापाशी जाऊन बसले. मी पट्ट्याला धरून रडले. अर्धं भीतीनं, अर्धं घरी काय ऐकावं लागेल म्हणून.

संध्याकाळी ते आले, खोकले. मी उंबऱ्यात चहा ठेवला.

"पोरी, तुह्या मायले सांग..."

मुलगी वाट पाहत उभी. "काय सांगू, मोठे बाबा?"

"काही नाही. जाय तू खेळाले. मीच सांगतो."

ती गेली. भासरे कपाकडे बघत म्हणाले, "आवाज चांगला हाये तुहा. अकरा वर्सं काहून लपवला?" आणि खिशातून चावी काढून बशीत ठेवली. "दुसरी चाबी तुह्यापाशी राहू दे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा कापूस गुंडाळला. मशीन बंद झालं, पेटीला दोन्ही कुलपं लागली. भासऱ्यांनी रूळ साफ केला, आपलं कुलूप काढलं आणि माझ्याकडे पाहत उभे राहिले. खांद्यावर दुपट्टा नव्हता. मी मुद्दाम सावकाश गेले. रुळाखाली पाहिलं, मागे पाहिलं. मग म्हटलं, "हात."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. टाइम किती गेला, ते काही बोलले नाहीत. मी बोटं मोजली, साडेनऊ होती, आणि मग कुलूप उघडलं.