मंगळावरचं मागचं दार

नेरूळला ज्या ताईंकडे मी स्वयंपाक करते, त्या मोबाइलवरच्या खेळांसाठी गोष्टी लिहितात. आठवड्यातून दोन दिवस ऐरोलीच्या ऑफिसात जातात, बाकी दिवस घरीच. माणसं मंगळावर राहायला गेली आहेत, बाहेर हवा नाही म्हणून बंद घरांत राहतात, असा त्यांचा खेळ. मराठीतलं कानाला कसं लागतं ते बघायला त्या मला मोठ्याने वाचून दाखवायच्या. मी पोळ्या लाटत ऐकायची. एकदा त्यांनी विचारलं, नव्या वस्तीत माणूस सगळ्यात जास्त कशाला घाबरत असेल? मी मान हलवली नुसती. मला समोरासमोर बोलता येत नाही. पण घरी जाऊन मुलीच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वही पोळ्यांच्या डब्याखाली ठेवून आले.

तेव्हापासून चार गोष्टी झाल्या. मंगळावर मिठागर करू बघणाऱ्या माणसाची ताईंना फार आवडली. त्या माझी वाक्यं नीट करतात. त्यांनीच सांगितलं की खेळातल्या गोष्टीला शेवटी दोन वाटा लागतात. खेळणारा दाबेल तिकडे गोष्ट जाते.

चौथी गोष्ट मी लिहायला नको होती.

त्यात मोजणीचं यंत्र दारोदार फिरतं. ज्या घराची मोजणी होईल त्यालाच हवेची नळी मिळणार. एका घरात नवी सून एकटी आहे. यंत्र दाराबाहेरून विचारतं, घरातल्या कर्त्याचं नाव सांगा. तीनदा विचारतं. ती बोलत नाही. यंत्र 'घर बंद' असं लिहून पुढे जातं. ही एक वाट. दुसरी मला लिहिता येईना. दोन दिवस बसले, हात चालेना. शेवटी ती ताईंनी लिहिली.

ती सून मी आहे. आमचं गाव प्रकल्पात गेलं तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. मोजणीची माणसं आली. पुढचं घर, आमचं, पहिल्या दिवशी मोजून झालं. मागचं थोरल्या दिरांचं, चूल वेगळी. त्यासाठी परवा येऊ म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी आले. घरातली सगळी उरणला तेराव्याला गेली होती. जाऊबाईंनी मला वाळत घातलेल्या सुकटीवर लक्ष ठेवायला त्यांच्या मागच्या घरात बसवलं होतं. बाहेरून आवाज आला, कोणाचं घर, नाव सांगा. थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नसतं, हे आईने निघताना दोनदा बजावलं होतं. मी दाराआड उभी राहिले. फटीतून त्या माणसाचे बूट दिसत होते. दार ढकललं असतं तर उघडलं असतं, त्याला कुलूपच नव्हतं. पण त्याने ढकललं नाही.

संध्याकाळी सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, तळ्यावर धुणं घेऊन गेले होते.

गेलेल्या घरांच्या बदल्यात दोन चुलींचे दोन प्लॉट मिळायला हवे होते, एक मिळाला. एकाच घरात खाली ते, वर आम्ही. दिरांनी तेव्हापासून सरकारी ऑफिसांच्या खेपा सोडल्या नाहीत. आजही प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन जातात. म्हणतात, घर बंद नव्हतं, खोटं लिहिलंय. तिथे विचारतात, मग घरात कोण होतं? मग ते कागद पुन्हा पिशवीत भरून परत येतात.

मंगळावर लिहिलं तर कोण ओळखणार, असं मला वाटलं होतं. तिथे कोणाला सासर असेल असं कोणाच्या मनात येणार नाही. पण खेळ बाहेर आला आणि ताईंनी हौसेने माझ्या मुलीच्या मोबाइलवर घालून दिला. मुलीकडून तो जाऊबाईंच्या नातीकडे गेला. त्या दिवसापासून घरात मोबाइलमधून कोणाचाही आवाज आला की मी हातातलं काम सोडून ऐकायची. भाजी चिरताना कान खालीच असायचे.

गेल्या रविवारी दुपारी जाऊबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायला खाली गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, त्यांना माणसाची नुसती सावली दिसते. नात शेजारी बसून खेळत होती. मोबाइल बोलला, घरातल्या कर्त्याचं नाव सांगा. मी उघडलेल्या बाटलीचं झाकण पुन्हा लावलं.

नात म्हणाली, "ही बोलत का नाही? पागल आहे का?"

जाऊबाई म्हणाल्या, "नवी सून असंल. थोरल्याचं नाव कशी घेनार?"

मोबाइलने पुन्हा विचारलं. जाऊबाईंनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"तू तळ्यावर गेलीच नव्हतीस ना गं?"

मी मान हलवली. त्यांना दिसली नाही. त्या थांबून राहिल्या. मला तोंड उघडावंच लागलं.

"नाही गेले. दाराआड होते."

नातीने दुसरी वाट दाबली. ती मी कधी पाहिली नव्हती. दार उघडलं, सुनेने नाव सांगितलं, नळीतून हवा आल्याचा आवाज झाला. मला उठून पळावंसं वाटत होतं, पण थेंब घालायचे राहिले होते.

"घाल," त्या म्हणाल्या.

एक थेंब गालावर पडला. पदराने पुसत त्या म्हणाल्या, "बेस्तरवारी यांची सुनावनी हाय. घरात कोन होतं ते विचारतील. तू चल. तुला शिव्या मी घालीन, त्या मागनं."

त्यांनी दिरांना सांगितलं की नाही, मला कळलेलं नाही. काल जिन्यात दीर भेटले. नेहमीसारखा पदर डोक्यावर घेतला. ते बाजूला झाले आणि मी वर गेल्यावरही बराच वेळ खालीच उभे होते. आज मंगळवार, गुरुवारला दोनच दिवस. सुनावणीला साहेब आधी माझं नाव विचारेल, मग घर कोणाचं ते विचारेल. एवढ्या माणसांत, दीर शेजारी उभे असताना.

या वहीत मी कोणाचंच नाव लिहिलेलं नाही. फक्त शेवटच्या पानावर दिरांचं लिहिलंय, पेन्सिलीने, एकदा. मोरीचं दार लावून, नळ सोडून ते तोंडाने म्हणून बघितलं. पहिलं अक्षर आलं. पुढचं नाही.