दादानं दिलेली करवत

सागवानाच्या ताज्या भुशाचा वास आला की मला अजूनही दादाचा राग येतो.

पंच्याऐंशी साली बाबा गेल्यावर वडशाच्या आमच्या सुतारखान्यात मी काम शिकू लागले, ते त्याला खपलं नाही. त्यानं मला एक करवत दिली. पेन्सिलीच्या रेघेवर ती कितीही जपून चालवली, तरी काप डावीकडेच सरकायचा.

"बाईच्या हाताले सरळ जमतच नाई," दादा गिऱ्हाइकांसमोर हसायचा. महिनाभर मलाही ते खरं वाटलं.

एका दुपारी तो जेवायला गेला, तेव्हा मी त्याची करवत उचलली. काप रेघेवरून केसभरही हलला नाही. मग मी माझी करवत उजेडात धरली. तिचे सगळे दात डावीकडे वाकवलेले होते.

तो परतल्यावर मी विचारलं, "दादा, असं काऊन केलं?"

"तू इथून जावी म्हणून," तो शांतपणे म्हणाला.

मी गेले नाही. त्याच्यासमोरच बसून एक दात उजवीकडे, एक डावीकडे असे सगळे नीट केले.

आज वाटतं, त्यानं निदान खोटं तरी बोलायला हवं होतं.