शनिवारची घंटा

मंडळी, आज मला चक्क आमच्या शाळेच्या शिपाई मावशींचा हेवा वाटला. हसू नका.

मी लालबागच्या एका शाळेत नववीला शिकवते. या आठवड्यात चाचणी, तोंडी परीक्षा, प्रकल्प, सगळं एकदमच आलं. बुधवारी अर्धा वर्ग गळपटला. सानिका तर म्हणाली, "टीचर, मी उद्यापासून येतच नाही." मी अख्खा तास जिद्दीवर भाषण दिलं. मागच्या बाकांवर जांभया चालू होत्या.

तरी आज सानिका हजर, आणि प्रकल्पही पूर्ण! मी खूश. म्हटलं, "माझं ऐकलंस ना शेवटी?"

"नाही टीचर. मावशी म्हणाल्या, शनिवारपर्यंत रोज वेळेवर आलीस, तर शाळा सुटल्याची घंटा तू वाजवायची."

एवढंच! बारा वर्षं शिकवतेय मी, आणि मावशींचं एक वाक्य भारी पडलं.

दुपारी सानिकाने घंटा अशी बडवली की समोरचा मसालेवाला बाहेर येऊन बघायला लागला. वर्ग टाळ्या वाजवत होता. माझ्या भाषणाला एकही टाळी नव्हती.

शाळा रिकामी झाल्यावर मी हळूच विचारलं, "मावशी, मला कधी देणार?"

मावशी मालवणच्या, स्पष्टवक्त्या. "मंगळवारी तुम्ही उशिरा इलात, मॅडम. आता फुडच्या शनिवारी बघूया."

सोमवारी मी पावणेसातला गेटवर असेन.

तुमच्यापैकी कोणाला शाळेत ती घंटा वाजवायला मिळाली होती का? मिळाली असेल, तर कृपा करून मला सांगू नका.