शिंप्याच्या दुकानातला सराव

ईरा, निखिल,

“टोटल लॅरिंजेक्टॉमी करावी लागेल,” सोलापूरचे डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवत म्हणाले. म्हणजे स्वरयंत्र पूर्ण काढायचं. दोन महिने बसलेला घसा मी सर्दीवर ढकलला होता. तो कॅन्सर निघाला.

ऑपरेशननंतर मी गळ्याच्या तळाशी केलेल्या छिद्रातून श्वास घेऊ लागले. त्याला स्टोमा म्हणतात. जखम भरल्यावर आत व्हॉइस प्रोस्थेसिस, म्हणजे एक छोटी झडप बसवली. अंगठ्यानं स्टोमा झाकला की श्वास झडपेतून अन्ननलिकेत जातो आणि तिच्या कंपनानं आवाज उमटतो. जाड, खरखरीत.

तुमच्या आजोबांना माझं सगळं कळायचं, म्हणून मला वाटलं, जमलं. मग तुम्हाला फोन केला. ईरा, तू दोनदा “कोण?” विचारलंस आणि फोन ठेवून दिलास. तुझं काही चुकलं नाही. मी मात्र महिनाभर फोनला हात लावला नाही.

बोलण्याचा सराव घेणाऱ्या थेरपिस्टबाईंना हे लिहून दाखवलं. त्या म्हणाल्या, “तुमचे यजमान तुमचे ओठ वाचतात. तुमच्याकडं न बघणाऱ्या माणसाशी बोला.”

आमच्या परंड्यात असे एकच, समोरचे रशीदभाई शिंपी. त्यांची नजर सुईवरून हलत नाही. रोज दुपारी मी त्यांच्या दुकानात वर्तमानपत्रातली एकेक ओळ वाचायची आणि त्यांनी ऐकू येईल तेवढी म्हणून दाखवायची. मशीनच्या आवाजावर मात करायला मी जोर लावायचे आणि घसा आणखी आवळायचा.

“बाई, वर्ग न्हाय हा,” ते मान खाली घालूनच म्हणाले. “लई वरडताय. निम्मं गिळलं तुमी.”

पस्तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत इंग्रजी पोचवलेली मी. ती सवय सुटेना. अंगठा हलका, एका श्वासात चारच शब्द, तोंड नीट उघडून, हे थेरपिस्टबाईंनी कितीदा सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात रशीदभाईंनी मशीन न थांबवता अख्खी ओळ म्हणून दाखवली. मग म्हणाले, “आता नातीला लावा फोन.”

कुणावर ही वेळ आली तर सांगा, फक्त घरच्यांच्या समजुतीवर विसंबू नका. ती माया असते, सराव नव्हे.

रविवारी फोन तूच उचललास, ईरा. “मी आजी बोलतेय,” मी हळू म्हटलं.

“आजी, तुला सर्दी झालीय?”

“नाही गं. आता हाच माझा आवाज.”

“बरं,” म्हणालीस, आणि शाळेतलं सांगत सुटलीस. मी अंगठा काढला, श्वास घेतला आणि ऐकत बसले.