ताकावर ठेवलेली सून

आत्याबाई गेल्याची तार धुळ्याला आमच्या बिऱ्हाडी आली तेव्हा मी लोणी काढत होते. ह्यांनी तार वाचली आणि ती तशीच हातात धरून ते पाटावर बसले. मला कळलं. पाचोऱ्याकडच्या आमच्या गावी जाऊन मी माझ्या या सासूबाईंना नुकतीच भेटून आले होते. आता महिना लोटला... समाचाराला येणाऱ्या बायका हळूच विचारतात, "सासू फार खाष्ट होती म्हणे तुमची?" होत्या खाष्ट. खोटं कशाला सांगू? मीठ सांडलं तरी त्या माझ्या माहेराचा उद्धार करायच्या. पण आज मी हे लिहायला जिवंत आहे ती त्यांच्यामुळे, हेही खोटं नाही.

मानमोडीचा ताप आला तेव्हा मी नुकती नांदायला आले होते. गावात घराघरांतून माणसं निजली आणि कितीतरी परत उठलीच नाहीत. माझा ताप उतरला, खोकलाही गेला. पण पोट बिघडलं ते बिघडलंच. खाल्लेलं ठरेना. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. जामनेरहून आई धावत आली ती साजूक तुपातल्या शिऱ्याचा डबा घेऊन. तापातून उठलेल्या पोरीला तूप घालावं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मीही अधाशासारखा खाल्ला. त्या संध्याकाळी हगवण लागली ती अशी की मला दोघींनी धरून उठवावं लागे. आत्याबाईंनी उरलेला शिरा उचलला आणि आईच्या देखत गाईपुढे ठेवला.

आईला ते फार लागलं. "विहीणबाई, पोरीला मी घेऊन जाते. मरायचीच असेल तर माझ्या दारात मरू दे." तिनं गाडी जुंपायला सांगितली. रीतही तशीच होती. सून खंगली की तिला माहेरी धाडायची, पुढचं बरंवाईट तिकडच्यांनी बघायचं. गाडीचे धक्के खात मी जामनेरपर्यंत पोचणार नाही, हे मला अंथरुणावर पडूनही दिसत होतं. पण सुनेला कोण विचारतो? आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"मन्हा घरमा मांदी पडनी, मन्हाच घरमा बरी व्हई."

"काय देऊन बरी कराल?"

"ताक."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. पण बैल सोडले गेले, आणि आईही मुक्कामाला राहिली.

मग सुरू झाली आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबवायचं आणि सकाळी मीठजिरं घालून पातळ शिजवायचं. तीही वाटीभर नाही, चार घोट. काही वेळानं पुन्हा चार. मी वाटी ओढून घेऊ लागले की आत्याबाई मनगट धरायच्या. "पोट शे, कोठी नई!" मधूनच ताक, कधी मुगाचं निवळ पाणी. तूप, तिखट, फोडणी सगळं बंद. गावातल्या बायका विहिरीवर कुजबुजू लागल्या, सुनेला ताकावर ठेवलीय, तूप लेकासाठी राखलंय. आईच्या कानावर ते यायचं आणि शिंक्यावरच्या तुपाच्या भांड्याकडे बघून तिचे डोळे भरायचे. मलाही आत्याबाईंचा रागच यायचा. रोज वाटायचं, उपाशी मारतेय ही बाई.

एके दुपारी मामंजी, म्हणजे माझे सासरे, शेतातून येऊन पाटावर बसले होते. आधी पुरुष, मग बाया आणि सर्वांत शेवटी सून, हा जेवणाचा नेम त्या घरात कुणी मोडलेला नव्हता. मामंजींचं ताट वाढणं चाललं होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, भूक लागली..."

हावरेपणानं मी रोज खात होते; पण पोटातून खरी भूक त्या दिवशी लागली. माझ्या आवाजावरून त्यांना ते कळलं असावं. हातातली भाकरी तशीच ठेवून त्या उठल्या. "जरासं थांबा," मामंजींना म्हणाल्या, "पोरले भूक लागनी." मामंजी अर्ध्या वाढलेल्या ताटाकडे बघत राहिले. आत्याबाईंनी ज्वारीच्या कण्या ताकात कालवल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि भरवू लागल्या. भरवता भरवता रडत होत्या. ते पाहून आई उठली, पदर पुढे ओढला आणि मामंजींना तिनं वाढलं. पुढे आई जामनेरला गेली ती एकटीच.

शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्याही तापातून उठल्या होत्या आणि पोट पार बिघडलं होतं. मी आंबील केली, चमचा ओठांशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं. "चारच घोट," मी म्हटलं.

"माले भूकच नई वं पोरी... तू जेव. मन्हासमोर जेव."

 मी त्यांच्या अंथरुणाशी ताट घेऊन बसले, वांग्याच्या भाजीशी भाकरी खाल्ली. त्या घासन् घास बघत होत्या. माझं ताट रिकामं झालं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पोटभर जेवल्यासारखे.

इथे धुळ्याला सगळी जेवून आपापल्या कामाला गेली की मी एकटी पाटावर बसते. भाकरी मोडते आणि थांबते... मी जेवले की नाही, हे बघणारं आता कुणी राहिलं नाही.