उतरलेला खांदा

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्यात पवनारला, माहेरी, माझी पहिली मुलगी झाली. बाळ अंगानं दणकट. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. सुईणीनं कसंबसं ओढून काढलं. मुलगी खणखणीत रडली, सगळ्यांनी हुश्श केलं. उजवा हात तेवढा हलेना. बोटं मूठ धरायची, पण कोपर वाकेना, खांदा उचलेना. पाठीमागे कुणाकडे काही मागावं तसा तळवा वळवून हात अंगालगत पडून असायचा.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाड मोडलेलं नाही, सांधाही निखळलेला नाही. जन्मताना मान ताणली गेली आणि हाताकडे जाणाऱ्या नसा दुखावल्या. बहुतेकांचा हात काही महिन्यांत परत येतो, काहींचा नाही येत. ओढायचं नाही, बगलेत धरून उचलायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. थोडे दिवस आराम, मग शिकवलंय तसे हलक्या हातानं सांधे फिरवायचे. थंडी सरेपर्यंत कोपर वाकलं नाही तर नागपूरला दाखवा म्हणाले. आई बाहेर बाकावर बसली होती. हे सगळं ऐकणारी मी एकटीच, आणि पुढे तीच पंचाईत झाली.

सेलूजवळच्या सासरी आले तेव्हा हे चंद्रपूरकडे नोकरीला. घरात सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई. गावातल्या बाळांना न्हाऊ घालायला एक म्हातारी यायची. तेल चोळून झालं की ती बाळाचे दोन्ही हात छातीवर आडवेतिडवे ओढायची, मग पाय, शेवटी हातांना धरून झोका. गावातलं प्रत्येक पोर तिच्या पायांवर न्हालेलं. पहिल्याच दिवशी तिनं हिचा हात पाहिला आणि निकाल दिला, "खांदा उतरला पोरीचा. दोन रोज वढला का बसते जाग्यावर."

मी मुलगी उचलून घेतली. म्हटलं, हिला हात लावायचा नाही.

"काऊन व?" सासूबाई कडाडल्या. "आमचे पोरं काय लुळे झाले का तिच्या हातानं?"

डॉक्टरांनी ओढायचं नाही म्हटलंय, एवढंच मी सांगितलं. त्यांची पोरं खरंच धडधाकट होती. एकाशी तर माझं लग्न झालं होतं.

म्हातारी यायची बंद झाली, आणि घरातलं कुणी मुलीला घेईना. उद्या काही झालं तर आमच्या नावावर नको, असं जाऊबाईंनी तोंडावर सांगितलं. मला नाव पडलं डाक्टरीणबाई. भाजीत मीठ किती टाकायचं तरी "डाक्टरीणबाईले इचारा." शेजारणी बाळ पाहायला म्हणून यायच्या आणि हात पाहून जायच्या. हे सणाला आले की मुलीचा डावा हात धरून तिला खेळवायचे. उजव्याला हात लावायला तेही घाबरत. भरल्या घरात मला फार फार एकटं वाटायचं. तिच्या हाताचे सांधे फिरवता फिरवता मनात यायचं, म्हातारीचंच खरं असलं तर? माझ्या हट्टापायी पोर लुळी राहिली तर मी कुठे तोंड लपवू?

थंडी सरत आली. कोपर सरळच.

एका दुपारी मी मुलीला पाजत होते. सासूबाई समोर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. एकाएकी मुलीचा उजवा हात वाकला. थरथरत वर आला, माझ्या गळ्यापर्यंत, आणि तिनं मंगळसूत्र मुठीत धरून असं ओढलं की दोरा तटकन तुटला. काळे मणी सारवलेल्या जमिनीवर चौफेर पळाले.

"माय माय! पोत वाढवली व पोट्टीनं!" सासूबाईंनी शेंगांचं सूप लोटून दिलं. "आता माह्या लेकाचं कसं होईन!" जाऊबाई आतून धावत आल्या. दोघी गुडघ्यांवर बसून मणी वेचू लागल्या. मध्येच देवाचं नाव, मध्येच माझा उद्धार. मी मात्र हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

"हासून काय राह्यली? नवऱ्याची काही फिकर हाय का नाई तुले?"

मुलीच्या मुठीत अडकलेला दोरा मी सोडवला आणि हात खाली ठेवला. ती पुन्हा उचलते का, एवढंच मला पाहायचं होतं.

तिनं उचलला. त्या दोघी खाली वाकून मणी शोधत होत्या.