माझ्या हाताला लागलेली गाठ

"नीट धर. हलू नकोस. तिवई हलत नसते."

डॉक्टर असं म्हणाले आणि तिघे विद्यार्थी हसले. माझ्या दोन्ही तळहातांवर चंद्रभागेचा मेंदू होता. पहाटेपर्यंत ती जिवंत होती.

ही गोष्ट अमरावतीच्या वेड्यांच्या दवाखान्यातली. मी जातीनं मांग. वेड्यांना जेवू घालायचं, धुवायचं, कोणी मेलं तर करवतीनं कवटी उघडायची, ही माझी कामं. डॉक्टर पुण्याचे, विद्वान माणूस. सोवळं सांभाळून मेंदूचा अभ्यास करायचे. आमच्यासारख्यांची नाडी रेशमी रुमालावरून बघायचे, आणि मेंदू चार हात लांब उभं राहून छडीनं दाखवायचे. कोण झोपलं नाही, कोण कशाला घाबरलं, हे मला खिडकीतून विचारायचे आणि स्वतः पाहिल्यासारखं विद्यार्थ्यांना शिकवायचे. आयत्या बिळावर नागोबा.

चंद्रभागा अकोटकडची, कापूस वेचणारी. डोकं धरून ओरडायची, मग फेफरं येऊन पडायची. दवाखान्याची रीत अशी, की गरिबाला वेड लागलं की वहीत कारण लिहायचं गांजा. मग गांजा उतरावा म्हणून साखळी आणि उपास. ती उपाशीच मेली. आत आणखी दोघी तशाच पडायच्या. त्याही साखळीत होत्या.

धरून धरून हात भरून आले. तेव्हा मेंदूच्या खालच्या बाजूला काहीतरी टणक लागलं. बोटांनी चाचपलं. लिंबाएवढी गाठ. वरून ती कोणालाच दिसणार नव्हती.

"लिहा, गांजा," डॉक्टर म्हणाले.

माझ्या तोंडून निघालंच, "साहेब, हिनं गांजा कदी ओढला नाई. खालून गाठ हाये. माह्या हाताले लागून राहिली. जवळ येऊन पाहा."

कोणीही पाऊल पुढे टाकलं नाही.

"तुझे हात हवेत आम्हाला, अक्कल नको. आटप. कवटीत कडबा भर. कापूस महाग झालाय."

महाग झाला होता, खरंच. विलायतेला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला होता. पण कापूस वेचून वेचून जिची बोटं फाटली, तिच्या डोक्यात कडबा! आधी मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मुकाट करवत चालवली. मग संताप आला.

मी मेंदू परत कवटीत ठेवला. टाके घातले. करवत डॉक्टरांच्या पायाशी टाकली.

"गाठ लिवा. नाईतर सोता हात लावा. मी आता धरत नाई."

"चालता हो," डॉक्टर म्हणाले. चंद्रभागेला मीच नेऊन पुरलं.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. त्या दोघींपैकी एक गेली होती. ऊन तापलेलं, आणि कवटीला हात लावायला कोणी तयार नाही. मी दारातच थांबलो.

"गाठ लिवली?"

"लिहिली," म्हणत डॉक्टरांनी लांबूनच वही दाखवली. मला अक्षर ओळखता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी परत फिरलो.

दुसरी अजून साखळीत आहे. मी रोज पादऱ्याच्या शाळेबाहेर बसून धुळीत अक्षरं गिरवतो. चंद्रभागेच्या नावापुढचा शब्द मी माझ्या डोळ्यांनी वाचणार. तिथे गाठ लिहिलेली दिसेपर्यंत आणि त्या दुसरीची साखळी सुटेपर्यंत करवतीला माझा हात लागणार नाही.